कोपराचे दुखणे आणि आपल्याच रक्ताचे औषध

इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर ३१ मार्च २००१ रोजी सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३९ धावा काढल्या आणि एकदिवसीय सामन्यांत दहा हजार धावांचा टप्पा गाठणारा तो जगातील पहिला फलंदाज ठरला. त्या खेळीची आठवण इंदूरकर आजही अभिमानाने काढतात. पुढे सुमारे साडेतीन वर्षांनी, म्हणजे ऑगस्ट २००४ मध्ये, याच फलंदाजाचा डावा कोपर दुखू लागला. त्या दुखण्यापायी त्याचे कसोटी सामने हुकले. अखेर मे २००५ मध्ये लंडन येथे त्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्या काळात ‘टेनिस एल्बो’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला आणि पुष्कळांना प्रश्न पडला की, जो क्रिकेट खेळतो त्याला टेनिसचे दुखणे कसे झाले?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. हे दुखणे ज्यांना होते, त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट हाती धरलेली नसते. सराफ्यात रात्री उशिरापर्यंत कढईत झारा फिरवणारा हलवाई, दिवसभर कात्री चालवणारा शिंपी, पेचकस फिरवणारा वायरमन, पोळ्या लाटणारी आणि ओले कपडे पिळणारी गृहिणी, फळ्यावर हात उंच धरून लिहिणारा शिक्षक, ही या दुखण्याची खरी माणसे. रुंगे नावाच्या एका जर्मन वैद्याने १८७३ साली या विकाराचे वर्णन प्रथम केले, ते लिहिताना हात दुखणाऱ्या माणसांच्या संदर्भात. टेनिसचे नाव त्याला पुढील दहा वर्षांत इंग्लंडमध्ये चिकटले आणि मग ते सुटले नाही. प्रौढ माणसांपैकी शंभरात एक ते तीन जणांना हा त्रास होतो आणि तो विशेषतः चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे हातावरच ज्याचे पोट आहे अशा माणसाच्या ऐन कामाच्या वयात, गाठतो.

प्रथम हे दुखते काय, ते पाहू. आपल्या उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा, बाहेरच्या अंगाचा भाग चाचपा. तेथील स्नायू टणक झालेले लागतील. मूठ बोटांनी आवळली जाते हे खरे. परंतु त्या वेळी मनगट आत वाकू नये म्हणून त्याला मागून ताणून धरण्याचे काम हे स्नायू करीत असतात. हे स्नायू जेथून निघतात तेथे कोपराच्या बाहेरच्या बाजूस हाडाचा एक लहानसा उंचवटा आहे. त्या उंचवट्याला ते ज्या चिवट दोरीने बांधलेले असतात तिला कंडरा म्हणतात. बादली उचलणे, चहाचा भरला कप धरणे, दाराची मूठ फिरवणे, कोणाशी हस्तांदोलन करणे, या प्रत्येक कामात ताण येतो तो या बोटभर जागेवर. म्हणूनच या रोग्याला पाच किलोची पिशवी खांद्यावर घेता येते, पण कपभर चहा उचलताना कळ येते.

पूर्वी अशी समजूत होती की, त्या जागी दाह होतो, म्हणजे सूज येते. १९७९ साली निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. जुनाट दुखण्यात दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्या. कंडरेचे तंतू, जे सुताच्या लडीसारखे समांतर असावयास हवेत, ते विसकटले होते आणि दुरुस्तीचे काम अर्धवट पडले होते. एकाच सुतळीवर रोज ओझे टांगावे आणि तिचे उकललेले पीळ पुन्हा वळण्यास तिला सवड मिळू नये, तसा हा प्रकार आहे. कंडरेस रक्ताचा पुरवठा मुळातच बेताचा असल्यामुळे तिची दुरुस्ती महिनोन् महिने चालते.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे औषधोपचारांचा पुढचा इतिहास समजतो. दाह आहे असे मानले जात होते तोवर दाह शमवणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन हा राजमार्ग वाटणे स्वाभाविक होते. त्याने आराम पडतो आणि लवकर पडतो, यात शंका नाही. हॉलंडमध्ये १८५ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर पाहिले तर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी शेकडा ९२ जणांना चांगला गुण आला होता. व्यायामोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४७ होते आणि ज्यांना केवळ धीर धरा असे सांगितले होते त्यांच्यात ३२. येथे कोणीही म्हणेल की निकाल लागला. पण त्याच रोग्यांना वर्षाने पुन्हा तपासले, तेव्हा इंजेक्शनवाले ६९ वर घसरले होते, व्यायामवाले ९१ वर पोहोचले होते आणि नुसते थांबलेलेही ८३ वर आले होते. २०१३ साली ऑस्ट्रेलियात १६५ रोग्यांवर झालेल्या प्रयोगाने हेच अधोरेखित केले. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी शेकडा ५४ जणांचे दुखणे उलटले. नुसत्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांत उलटण्याचे प्रमाण अवघे १२ होते. सहा आठवड्यांचा मित्र वर्षाचा मित्र ठरत नाही, हा धडा यातून मिळाला.

अशा वेळी नव्या उपायाची वाट सर्वच पाहत असतात. तो उपाय ‘पीआरपी’ या नावाने आला. त्याचा अर्थ प्लेटलेटसंपन्न रक्तद्रव. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूच्या साथींनी आपल्याला चांगलाच परिचित करून दिला आहे. पावसाळा सरता सरता घराघरांत ‘आज प्लेटलेट किती?’ अशी विचारपूस सुरू होते. शालेय पुस्तकांत त्यांनाच रक्तपट्टिका म्हटले आहे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते. जखम झाली की त्या तेथे जमून एकमेकींना चिकटतात आणि वाहणारे रक्त थांबवण्यास मदत करतात, हे बिझोझेरो या इटालियन शास्त्रज्ञाने १८८२ साली दाखवून दिले. त्यांचे दुसरे काम पुढे शंभरेक वर्षांनी कळले. रक्तपट्टिकांच्या पोटात असे काही पदार्थ साठवलेले असतात की, ते बाहेर पडताच आसपासच्या पेशींना वाढण्याचा आणि दुरुस्तीला लागण्याचा इशारा मिळतो. १९७४ साली यांपैकी एक पदार्थ प्रयोगशाळेत ओळखला गेला आणि त्यानंतर त्यांची मालिकाच हाती आली.

मग विचार असा निघाला की, जेथे दुरुस्ती रेंगाळली आहे तेथे हे मुकादम मोठ्या संख्येने नेऊन सोडले तर? १९९८ साली अमेरिकेत जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियांत ही युक्ती वापरल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तेथून ती सांध्यांच्या आणि कंडरांच्या डॉक्टरांकडे आली. कृती अशी. रोग्याच्या दंडातून थोडे रक्त घेतात, साधारणपणे चहाच्या अर्ध्या कपाहूनही कमी. ते नळीत घालून यंत्रात गरगर फिरवतात. दुधातून साय वेगळी काढण्याचे यंत्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सहज समजेल. तांबड्या पेशी जड म्हणून तळाशी बसतात, पिवळसर रक्तद्रव वर राहतो आणि त्यातील प्लेटलेटांनी दाट झालेला दोन-तीन मिलिलिटर अंश वेगळा काढून दुखऱ्या कंडरेत टोचतात. सारे काम तासाभरात उरकते.

कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. बाहेरचे औषध नाही, आपलेच रक्त, आपलीच दुरुस्तीची सामग्री! परंतु सुंदर कल्पना आणि सिद्ध झालेला उपाय यांत अंतर असते आणि ते अंतर चालूनच जावे लागते. ते कसे चालले गेले, ते आता सांगतो. कारण या विषयातील सारे मर्म तेथे आहे.

पहिला अहवाल २००६ साली कॅलिफोर्नियातून आला. रोगी अवघे २०. त्यांपैकी १५ जणांना पीआरपी दिले आणि पाच जणांना फक्त जागा बधिर करणारे औषध. आठ आठवड्यांनी पहिल्या गटाचे दुखणे शेकडा ६० नी कमी झाले होते, दुसऱ्याचे १६ नी. आशा पल्लवित झाली. २०१० साली हॉलंडमधील १०० रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना स्टेरॉइड. वर्षाअखेर पीआरपी घेतलेल्यांत शेकडा ७३ जणांना गुण आला आणि स्टेरॉइडवाल्यांत ४९ जणांना. २०१४ साली अमेरिकेतील २३० रोग्यांचा प्रयोग आला. त्यात बारा आठवड्यांपर्यंत ठळक फरक दिसला नाही, पण चोवीस आठवड्यांनी पीआरपीच्या बाजूला शेकडा ८४ आणि दुसऱ्या बाजूला ६८ असा निकाल लागला. मात्र तोवर मूळ रोग्यांपैकी जेमतेम निम्म्यांचीच माहिती हाती राहिली होती. या आकड्यांच्या बळावर पीआरपी जगभर पसरले. इंदूरसारख्या शहरातही आता ते दुर्मिळ राहिलेले नाही.

आता दुसरी बाजू. वर सांगितलेला हॉलंडचा प्रयोग पुन्हा पाहा. तेथे तुलना कोणाशी होती? स्टेरॉइडशी. आणि स्टेरॉइड वर्षाअखेर रोग्याला मागे खेचते, हे आपण आत्ताच पाहिले. शर्यतीतील एक धावपटू मध्येच लंगडू लागला, तर दुसरा जिंकतो. पण त्यावरून दुसरा वेगवान आहे असे ठरत नाही. खरी कसोटी अशी की, रोग्याला कळू न देता एकाला पीआरपी टोचावे आणि दुसऱ्याला नुसते मिठाचे पाणी. अशा प्रयोगात सर्वांचेच रक्त काढतात आणि नळीतील रंग दिसू नये अशी व्यवस्था करतात. डेन्मार्कमधील ६० रोग्यांवर असा प्रयोग झाला आणि २०१३ साली त्याचा निकाल आला. तीन महिन्यांनी पीआरपी, स्टेरॉइड आणि मिठाचे पाणी या तिन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०२० साली फिनलंडमधील ११९ रोग्यांचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथेही मिठाच्या पाण्यावर पीआरपीने मात केली नाही. पुढे २०२१ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे ३२ प्रयोग आणि २,३३७ रोगी एकत्र तपासले. ही संस्था उपचारांचा पुरावा निःपक्षपणे तोलण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिचा निष्कर्ष असा की, तीन महिन्यांच्या सुमारास दुखणे शून्य ते दहा या मापाने मोजले, तर पीआरपी किंवा रक्ताच्या इंजेक्शनाने पडणारा फरक दोन दशांशाहूनही कमी भरतो. इतका फरक रोग्याला जाणवतही नाही.

आमच्या शाळेतील एका शिक्षिकाबाईंनी मला विचारले होते, “सर, तुम्ही मुलांना विज्ञान शिकवता, तर मला एवढे सांगा. माझ्या नणंदेने ते इंजेक्शन घेतले आणि चार महिन्यांत तिचा हात बरा झाला. मग ते खोटे कसे?” बाईंचा स्वतःचा हात पाच महिने दुखत होता आणि इंजेक्शनासाठी काही हजार रुपये बाजूला काढावे की नाही, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला तो लहान नसतो.

नणंदबाईंचा हात बरा झाला, हे खोटे नाही. परंतु मिठाचे पाणी घेतलेल्यांपैकीही पुष्कळांचा हात बरा झाला. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. हे दुखणे स्वभावतः मावळणारे आहे. उपचार काहीही असोत, दहांपैकी आठ-नऊ जणांना वर्षा-दीड वर्षात आराम पडतो. शिवाय माणूस इंजेक्शन घ्यावयास जातो केव्हा? दुखणे असह्य होते तेव्हा. म्हणजे चढाच्या माथ्यावर. तेथून पुढची वाट बहुधा उताराचीच असते आणि त्या उताराचे श्रेय शेवटच्या उपचाराला मिळते. त्यात इंजेक्शनानंतर काही आठवडे हात जपला जातो, डॉक्टर व्यायाम सांगतात आणि मनाला धीर येतो. या सर्वांचा गुण कुपीतील द्रवाच्या नावावर जमा होतो. म्हणूनच एका माणसाच्या अनुभवावरून उपचार पारखता येत नाही. त्यासाठी मिठाच्या पाण्याची तुलना लागते.

हाच न्याय शस्त्रक्रियेलाही लावावा लागतो. ऑस्ट्रेलियात २६ रोग्यांवर झालेला एक लहानसा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या कंडरेचा बिघडलेला भाग कापून काढला आणि निम्म्यांची केवळ त्वचा उघडून पुन्हा टाके घातले. पुढील काळात दोन्ही गट सारखेच सुधारले. तेंडुलकर शस्त्रक्रियेनंतर ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध मैदानात उतरला आणि त्याने ९३ धावा काढल्या. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला त्याने पस्तिसावे कसोटी शतक पूर्ण करून सुनील गावसकर यांचा विक्रम मागे टाकला. हे पुनरागमन उज्ज्वल खरे. पण त्यात शस्त्रक्रियेचा वाटा किती, विश्रांतीचा किती आणि महिनोन् महिने नेटाने केलेल्या व्यायामाचा किती, हे एका उदाहरणावरून कोणालाही सांगता येणार नाही.

तर मग करावे काय? प्रथम, निदान पक्के करून घ्यावे. हाताला मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, पडल्यामुळे कोपर सुजला असेल, ताप असेल अथवा सांधा अडकत असेल, तर दुखणे निराळे असू शकते. तेव्हा डॉक्टरांकडे विनाविलंब जावे. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण वाटत असेल, तर ती कोपराची गोष्ट नव्हे. तडक रुग्णालय गाठावे.

टेनिस एल्बोच आहे असे ठरल्यावर हाताला सुट्टी देऊ नये, पण त्याचे ओझे बदलावे. बादली अथवा पिशवी उचलताना तळवा वरच्या बाजूस आणि कोपर अंगालगत वाकलेला ठेवावा, म्हणजे ताण पुढच्या स्नायूंवर जातो. कपडे जोराने पिळण्याऐवजी निथळत टाकावेत. पेचकसाची मूठ जाड करून घ्यावी. फळ्यावर लिहिणाऱ्याने खांद्याच्या वर फार वेळ लिहू नये.

त्याबरोबर कंडरेला हळूहळू बळ द्यावे. हात टेबलावर असा ठेवावा की, तळवा खाली आणि मनगट कडेबाहेर राहील. हातात अर्धा किलोचे वजन घ्यावे. पाण्याची अर्धा लिटरची बाटलीही चालते. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यावे आणि मग चार-पाच अंक मोजत ते आपले आपण सावकाश खाली सोडावे. असे दहा-पंधरा वेळा, दिवसातून एक-दोनदा. किंचित दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे वाढून राहिले, तर वजन कमी करावे. व्यायामोपचार जाणणाऱ्याकडून ही पद्धत एकदा पाहून घेतलेली बरी. फळ दिसण्यास आठवडे नव्हे, दोन-तीन महिने लागतात. या अवधीत पुष्कळांचा धीर सुटतो आणि सुईची आठवण होते.

सहा महिने किंवा वर्षभर हे सारे मनापासून करूनही हात कामाला येत नसेल आणि डॉक्टरांनी पीआरपी सुचवले, तर त्यांना चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. निदान कशावरून पक्के झाले? मिठाच्या पाण्यापेक्षा याचा गुण अधिक येतो, असे कोणत्या प्रयोगात दिसले? एकूण खर्च किती आणि इंजेक्शने किती? आणि गुण न आल्यास पुढे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. पीआरपीचा मोठा अपाय सहसा होत नाही. पहिले काही दिवस दुखणे मात्र वाढू शकते आणि कोणत्याही सुईबरोबर जंतुसंसर्गाचा थोडा धोका असतो. तेव्हा ज्याला ऐपत आहे आणि ज्याने पुरावा समजून घेतला आहे, त्याने ते घेतले तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण ज्याला त्यासाठी उसनवारी करावी लागेल, अशा शिंप्याला किंवा हलवायाला ‘हे न घेतल्यास हात कायमचा जाईल’ अशी धास्ती घालणे हे शास्त्राला धरून नाही.

शिक्षिकाबाईंना मी इतकेच सांगितले की, पैसे तूर्त पेटीतच राहू द्या आणि बाटली हातात घ्या. विज्ञानाची परीक्षा औषधाला लावताना आपण औषधाचे वैर करीत नसतो. उद्या एखाद्या निर्दोष प्रयोगाने पीआरपीचा गुण सिद्ध केला, तर त्याचे स्वागतच करावे. परंतु तोवर दुखऱ्या हाताचा सर्वांत मोठा वैद्य काळ हाच आहे आणि त्याची फी, श्रोतेहो, थोडा धीर आणि रोजची दहा मिनिटे, एवढीच आहे.